समुपदेशकांच्या खोलीत मुलगी काय बोलते, हे आम्हाला का सांगत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलगी 12 वर्षांची. काही महिन्यांपासून शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखतं, मळमळतं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, शरीरात काही दोष निघाला नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळा बुडते. समुपदेशकांकडे पाच सेशन झाली. ‘आत काय झालं?’ विचारलं की ती ‘काही नाही, पत्ते खेळलो’ म्हणते, आणि समुपदेशक म्हणतात, ‘थोडा वेळ द्या.’ आता तर ‘मला तिकडे जायचंच नाही’ असं सुरू झालंय. तुम्हाला जाणून घ्यायचंय की हे खरंच उपचार आहेत का, आईवडिलांना काही कळायला नको का, आणि औषधाचा विचार करावा का.

मुलांबरोबर आणि किशोरवयीनांबरोबर मी बरीच वर्षं हेच काम करते आहे, तेव्हा आधी सरळ मत सांगते. पत्ते खेळणं योग्य आहे. मुलीचं बोलणं तुम्हाला न सांगणंही योग्य आहे. पण पाच सेशन होऊनही तुम्हा दोघांना समोर बसवून ‘आम्हाला काय दिसतंय, पुढे काय करायचं ठरवलंय आणि तुम्ही घरी काय बदलायचं’ हे कुणी सांगितलं नसेल, तर तिथे काम अपुरं आहे. चिंतेने शाळा टाळणाऱ्या मुलांचे निम्म्याहून जास्त उपचार घरात होतात असं माझं ठाम मत आहे, आणि नेमका तोच भाग तुमच्या हाती अजून कुणी दिलेला नाही.

आधी पत्त्यांबद्दल. मोठा माणूस समुपदेशकाकडे आपल्या पायांनी जातो. मुलाला नेलं जातं. आपल्यात काहीतरी बिघडलंय म्हणून आणलंय, एवढंच त्याला कळलेलं असतं. अशा मुलीला समोरासमोर खुर्चीवर बसवून ‘काय होतं तुला?’ विचारलं तर ती खांदे उडवणार, नाहीतर ‘माहीत नाही’ म्हणणार, आणि ते खरंही असतं. हात गुंतलेले असले, नजर पत्त्यांवर असली की तीच मुलगी मधेच, काही विशेष नसल्यासारखं, एखादं वाक्य टाकून जाते. ‘आमच्या वर्गात मोठ्याने वाचायला लावतात.’ अनुभवी समुपदेशक तेव्हा पत्ता टाकत टाकतच ‘हं, मग?’ एवढंच म्हणतो. डोळे मोठे करून, वही पुढे ओढून ‘सांग, सांग’ केलं की दार बंद.

शिवाय खेळात जे दिसतं ते विचारून कळत नाही. एक चूक झाली की ही मुलगी अख्खा डाव टाकून देते का? जिंकत असतानाही ‘मी हरणारच’ म्हणते का? समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून मुद्दाम हरते का? किती वेळा सॉरी म्हणते? चुकायची धास्ती, लोक काय म्हणतील याची धास्ती आणि आईपासून दूर राहण्याची धास्ती या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तिघींचं बाहेरचं रूप मात्र ‘पोटात दुखतंय’ असं एकच असू शकतं.

मूल लहान असेल तर खेळ हीच भाषा. ऑपरेशन होऊन आलेलं पाच-सहा वर्षांचं मूल बाहुलीला आडवं पाडून दहादहा वेळा इंजेक्शन देतं, दर वेळी जरा जोरात. तिथे थेरपिस्ट ‘अरे, बाहुलीला दुखेल ना’ म्हणत नाही. ‘बाहुलीला कुणी विचारलंच नाही, हो ना?’ असं म्हणून गप्प बसतो. मूल क्षणभर थांबतं, आणि पुढच्या इंजेक्शनआधी बाहुलीला सांगतं, ‘आता टोचणार हं.’ जे त्याच्यावर त्याच्या हातात काही नसताना गुदरलं, ते आता त्याच्या हातात आलेलं असतं. व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी 1940 च्या दशकात खेळातून उपचार करण्याची जी पद्धत मांडली तिचा गाभा असाच आहे : वाट मुलाने दाखवायची, मोठ्याने घाई करायची नाही, आणि मर्यादा फक्त गरजेपुरत्या घालायच्या.

मात्र 12 वर्षांच्या, चिंतेपायी शाळा टाळणाऱ्या मुलीसाठी नुसतं ‘मोकळं होऊ द्या’ पुरत नाही. पहिली तीन-चार सेशन ओळखीत जातात आणि ती जायलाच हवीत. त्यानंतरही महिनोन्‌महिने गप्पा आणि चित्रंच चालू राहिली तर मला ते पटत नाही, कारण तेवढ्या काळात भीती मुरत जाते. ती कशी मुरते ते पाहा. सकाळी सात वाजता पोटात कळ येते. ती खरी असते. धोक्याची घंटा वाजली की मेंदू शरीराला पळायला तयार करतो, आतड्यांची हालचाल बदलते, छाती धडधडते, हात गार पडतात. ‘नाटक करू नकोस’ हे वाक्य म्हणूनच चुकीचं आणि निरुपयोगी आहे. मग ठरतं, ‘बरं, आज राहू दे.’ दहा वाजेपर्यंत पोट शांत. मुलीचा मेंदू त्यातून एकच धडा घेतो : शाळा धोक्याची होती, घरी राहिले म्हणून वाचले. उद्याची कळ आजच्यापेक्षा लवकर येते. रविवारी संध्याकाळीच सुरू होते.

हे चक्र उलटं फिरवायची रीत शंभर वर्षं जुनी आहे. 1924 साली मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाबद्दल लिहिलं. तो आवडीचं काहीतरी खात असताना पिंजऱ्यातला ससा आधी लांब ठेवायचा, तो स्वस्थ राहील तेवढाच हळूहळू जवळ आणायचा. शेवटी मुलगा सशाला हात लावू लागला. आजच्या संज्ञानात्मक-वर्तन उपचारांत, म्हणजे सीबीटीत, याच्या जोडीला विचार तपासणं येतं, पण कणा हाच : घाबरवणाऱ्या गोष्टीकडे, झेपेल त्या टप्प्याने, आधार घेऊन, पुन्हा पुन्हा जायचं.

तुमच्या मुलीसाठी हे प्रत्यक्षात कसं दिसेल? आधी ‘शाळा’ फोडून बघावी लागते, कारण अख्ख्या शाळेची भीती फारशी कुणाला नसते. समजा निघालं की मराठीच्या तासाला उभं राहून वाचताना ती अडखळली, दोघी-तिघी हसल्या, आणि तेव्हापासून हे सुरू आहे. मग समुपदेशक तिच्याकडूनच पायऱ्या लिहून घेतात आणि प्रत्येकीला ती स्वतः शून्य ते दहा असे भीतीचे गुण देते. समुपदेशकांसमोर एक परिच्छेद वाचणं, दोन. आईबाबांसमोर वाचणं, तीन. एका मैत्रिणीला घरी बोलावून वाचणं, चार. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बाईंसमोर वाचणं, सहा. वर्गात बसल्या जागी दोन ओळी, सात. उभं राहून एक परिच्छेद, नऊ. वरच्या पायरीवर ती ‘मुद्दाम एक शब्द चुकीचा वाचून दाखवणं, दहा’ असंही लिहू शकते, आणि ती पायरी चढली की उपचार पक्के झाले असं मी समजते. प्रत्येक पायरीआधी विचारायचं, ‘काय होईल असं वाटतंय?’ आणि नंतर, ‘काय झालं?’ या दोन उत्तरांतला फरक तिने स्वतःच्या अक्षरात वहीत लिहायचा. दहा मोठ्या माणसांच्या ‘अगं, काही होत नाही’पेक्षा त्या वहीचा तिला जास्त उपयोग होतो.

इथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. पायऱ्या चढवण्याआधी भीती कशाची आहे याचा शोध पक्का हवा. कुणी तिला रोज छळत असेल, कुणी मारत असेल, कुणी नको तिथे हात लावत असेल, तर ती भीती बरोबर आहे. तिथे मुलीला धीट करणं हा उपचार नव्हे. आधी तो त्रास थांबवायचा, तिला सुरक्षित करायचं. तसंच तिला वाचनाची अध्ययन अक्षमता असेल तर मोठ्याने वाचण्याचा सराव म्हणजे रोजची शिक्षा ठरेल. आधी तपासणी, शाळेकडून सवलती, वाचनाची वेगळी मदत, मग बाकीचं. समुपदेशक शाळेशी बोलले आहेत का, हे म्हणून नक्की विचारा. बोलण्याआधी तुमची आणि मुलीची संमती घेतली पाहिजे, हेही तितकंच खरं.

आता तुमचा वाटा. चिंता असलेल्या मुलाभोवती घर नकळत वळत जातं. मैत्रिणीला फोन आईच करते, दुकानात तिच्या वतीने आईच बोलते, ‘सगळं ठीक होईल ना?’ या प्रश्नाला रोज वीस वेळा ‘हो गं’ म्हटलं जातं, सकाळी पोट दुखलं की शाळेला चिठ्ठी जाते. यातलं काहीही वाईट हेतूने होत नाही, लेकराचा त्रास बघवत नाही म्हणून होतं. पण दर वेळी मुलीला ऐकू येतं ते असं, ‘तुला हे जमणार नाही, म्हणून मी करते.’ येल विद्यापीठातले एली लेबोविट्झ यांनी फक्त पालकांबरोबर काम करून मुलांची चिंता कमी करण्याची पद्धत विकसित केली. 2020 साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात 7 ते 14 वयाची, चिंतेचा विकार असलेली 124 मुलं होती. काहींना स्वतःला सीबीटी मिळाली, बाकीच्यांच्या फक्त आईवडिलांना मार्गदर्शन मिळालं आणि ती मुलं थेरपिस्टला भेटलीही नाहीत. दोन्ही गटांतली मुलं जवळपास सारखीच सुधारली. मुलगी ‘येत नाही’ म्हणत असताना हा निष्कर्ष तुम्हाला केवढा आधार देतो, बघा. ती नाही आली तरी तुम्ही जाऊ शकता.

घरी बोलायचं वाक्य दोन भागांचं असतं आणि दोन्ही भाग एकाच दमात यावे लागतात. ‘तुझं पोट खरंच दुखतंय, मला दिसतंय. आणि ते दुखत असतानाही तू जाऊ शकतेस, याची मला खात्री आहे.’ बहुतेक घरांत एक भाग गळतो. आई पहिलाच भाग बोलते, बाबा दुसराच, आणि मुलगी मधल्या फटीतून घरी राहते. आधी तुमचं दोघांचं एकमत करा. काय बदलणार ते तिला शांत वेळी, दोन दिवस आधी सांगा. सकाळी सातला दारात उभं राहून नवे नियम काढू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, उदाहरणार्थ, ‘सोमवारपासून पोट दुखलं तरी आपण शाळेच्या फाटकापर्यंत जायचंच, पुढचं तिथे ठरवू.’ पहिले काही दिवस रडणं, ओरडणं वाढेल. ते वाढलं म्हणजे मार्ग चुकला असं समजून सोडू नका. तिसऱ्या दिवशी माघार घेतलीत तर जास्त रडलं की सुटका होते एवढंच ती शिकेल. एरवी घरी राहायची वेळ आलीच तर तो दिवस सुट्टीसारखा नको : शाळेच्या वेळेत मोबाइल-टीव्ही बंद, अभ्यासाचं टेबल चालू. हे रागाने नाही, नेहमीच्या स्वरात.

गोपनीयतेबद्दल तुमच्या मनात जी खंत आहे ती मला समजते. ज्या लेकीला वाढवलं तिच्या मनातलं परक्या माणसाला कळावं आणि आपल्याला नाही, हे टोचतं. पण या वयाची मुलं समुपदेशकाची परीक्षा घेतात. आधी एखादी बारीकशी गोष्ट सांगतात आणि ती घरी पोहोचते का ते बघत राहतात. आईने सहज जरी म्हटलं, ‘तुला वाचायची भीती वाटते ना?’ तरी संपलं. मोठी गोष्ट मग कधीच बाहेर येत नाही. म्हणून शब्द तिचे राहतात. कामाची दिशा, प्रगती आणि घरी काय करायचं, हे मात्र तुम्हाला कळलंच पाहिजे, तो तुमचा हक्क आहे. आणि काही गोष्टींत गुपित राहत नाही : तिच्या जिवाला धोका, तिला कुणाकडून होणारी इजा किंवा अत्याचार, तिच्याकडून दुसऱ्याला गंभीर धोका. मुलांवरच्या अत्याचाराची माहिती संबंधित यंत्रणेला देणं अनेक देशांत कायद्यानेच बंधनकारक आहे. या मर्यादा पहिल्या दिवशी तुम्ही आणि ती एकत्र बसलेले असताना सांगायच्या असतात. सांगितल्या नसतील तर पुढच्या वेळी तिच्यासमोरच विचारा. तुम्हाला समुपदेशकांना काही कळवायचं असलं तरी तिच्या पाठीमागे नको. ‘कालच्या भांडणाबद्दल मी त्यांना सांगणार आहे’ असं आधी तिला सांगा. आणि परतीच्या वाटेवर चौकशी करू नका. काही मुलं दोन दिवसांनी, अंधारात, पाठ वळवून आपणहून बोलतात. तेव्हा जागे असा म्हणजे झालं.

‘मला जायचं नाही’ यामागे बरंच काही असू शकतं. सेशनची वेळ तिच्या आवडत्या खेळाच्या आड येते, मैत्रिणींना कळेल अशी लाज वाटते, समुपदेशक तिला लहान बाळ समजून बोलतात, किंवा आता खऱ्या पायऱ्या जवळ आल्यात आणि तिला त्याची चाहूल लागलीय. घरी वाद घालत बसण्यापेक्षा ‘हे तूच त्यांना सांग, मी सोबत बसते’ असं म्हणा. चांगला समुपदेशक हे ऐकून दुखावला जात नाही, उलट तिथूनच काम पुढे सरकतं. अजून तीन वेळा जाऊन मग तिघांनी मिळून ठरवायचं, असा करार करून बघा. त्यानंतरही सूर जुळला नाही तर समुपदेशक बदलायला संकोच करू नका. मुलीचा त्या माणसावर विश्वास बसणं हा उपचारांचा पायाच आहे.

औषधांविषयी. ती समुपदेशक देत नाहीत. त्यासाठी मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर लागतात. तुमच्या मुलीसारख्या, सगळं ठप्प न झालेल्या चिंतेत बहुधा आधी सीबीटी आणि घरातले बदल करून बघतात. 2008 साली छापलेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात 7 ते 17 वयाच्या 488 मुलांना 12 आठवडे उपचार दिले. सीबीटीने सुमारे 60 टक्के मुलं बरीच सुधारली, सर्ट्रालिन या औषधाने सुमारे 55 टक्के, दोन्ही मिळून 81 टक्के आणि औषधाचा अंश नसलेल्या गोळीने 24 टक्के. नैराश्यात चित्र वेगळं असतं. 12 ते 17 वयाच्या 439 मुलांच्या 2004 च्या अभ्यासात फ्लुओक्सेटिन आणि सीबीटी एकत्र दिल्यावर 71 टक्के सुधारली, नुसत्या सीबीटीने 43 टक्के. म्हणजे मध्यम ते तीव्र नैराश्य असेल तर औषधाला नाही म्हणून अडून बसू नये. त्याच वर्षी, 2004 साली, अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी अशा नैराश्यविरोधी औषधांवर ठळक इशारा छापायला लावला. चाचण्यांत औषध घेणाऱ्या सुमारे 4 टक्के मुलांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन दिसलं, औषधाचा अंश नसलेल्या गोळीवर 2 टक्के. त्या चाचण्यांत आत्महत्या एकही झाली नव्हती. याचा अर्थ एवढाच घ्यायचा की पहिले काही आठवडे आणि डोस बदलताना मुलीवर बारीक लक्ष हवं, डॉक्टरांच्या भेटी चुकवू नयेत, आणि गोळ्या मनाने अचानक बंद करू नयेत.

तुम्ही विचारलं नाहीत तरी हे लिहितेच. हातावर कापल्याच्या खुणा, ‘मी नसते तर बरं झालं असतं’ अशी वाक्यं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या सेशनची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, तोवर तिला एकटं सोडू नका, घरातली औषधं कुलपात ठेवा. आणि तिला सरळ विचारा, ‘जगायला नको असं वाटतं का तुला?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. तो आधीच असेल तर तिला एकटीने वाहायचं ओझं जरा उतरतं. उत्तर काहीही आलं तरी ओरडू नका, रडू नका, ऐकून घ्या.

पुढच्या भेटीत समुपदेशकांकडे अर्धा तास फक्त तुमच्या दोघांसाठी मागून घ्या. तुम्हाला काय दिसतंय, कुठली पद्धत वापरताय आणि का, सुधारतंय हे कशावरून ओळखायचं, आम्ही उद्या सकाळी नक्की काय बोलायचं, हे विचारा. मुलांबरोबर काम करण्याचं प्रशिक्षण कुठे घेतलंय, अवघड केसबद्दल कुणाशी चर्चा करता, हेही विचारायला हरकत नाही. शाळेत गेलेले दिवस मोजणं हे सगळ्यात साधं मोजमाप. ते कॅलेंडरवर तिलाच भरू द्या.

चिंतेवरचं काम नीट चाललं तर साधारण 12 ते 16 सेशनमध्ये बऱ्यापैकी फरक दिसतो. वर सांगितलेल्या 2008 च्या अभ्यासात 14 सेशन होती. शेवटची सेशन एकदम न थांबवता दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घ्यावीत. लांब सुट्टीनंतर आणि आजारपणानंतर जुनी कळ परत येते, हे आत्ताच धरून चाला. शाळा उघडायच्या आठवडाभर आधी खालच्या दोन-तीन पायऱ्या तिच्याकडून पुन्हा करून घ्या, आणि पहिल्याच सोमवारी ती शाळेत जाईल एवढं बघा. पहिला आठवडा बुडाला तर थांबून न राहता लगेच एक सेशन मागून घ्या.